हिवाळ्यातल्या आगगाड्या आणि सात लेकरांची आई : क्लारा शुमान

सांजवात

युरो यायच्या आधीची शंभर मार्कांची निळी नोट ज्यांनी हाताळली आहे त्यांना तिच्यावरची बाई आठवत असेल. मागच्या बाजूला पियानो होता. ती क्लारा शुमान. संगीतावरच्या गप्पांत ती बहुतेक वेळा कुणाची तरी कुणीतरी म्हणून येते, संगीतकार रॉबर्ट शुमानची बायको किंवा संगीतकार ब्राम्सची मैत्रीण. मला तिच्याविषयी लिहायचंय ते तिच्या प्रवासांमुळे. भर हिवाळ्यात, पोरं मागे ठेवून, एकामागून एक गाड्या बदलत ही बाई वर्षानुवर्षं युरोपभर हिंडली.

आधी थोडी पार्श्वभूमी. जन्म १८१९, लायप्झिश. वडिलांनी लहानपणापासून पियानोला बसवलेली, विशीच्या आत युरोपात नाव झालेली. रॉबर्टशी लग्न करायला वडिलांचा कडाडून विरोध, प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी १२ सप्टेंबर १८४० ला लग्न लागलं, तिला एकवीस पूर्ण व्हायच्या आदल्या दिवशी. पुढच्या चौदा वर्षांत आठ बाळंतपणं. एक मुलगा, एमिल, वर्षभराचा होऊन गेला. बाकी सात.

फेब्रुवारी १८५४ मध्ये ड्युसलडॉर्फला रॉबर्टने ऱ्हाइनमध्ये उडी घेतली. वाचवला, पण काही दिवसांतच घरातून गेला तो परत आला नाही. बॉनजवळ एन्डेनिशच्या वेड्यांच्या इस्पितळात त्याला ठेवलं. क्लारा तेव्हा पोटुशी होती. जूनमध्ये फेलिक्स झाला. आणि ऑक्टोबरमध्ये, म्हणजे फेलिक्स चार महिन्यांचा असताना, बाई दौऱ्यावर निघाली. हानोव्हर, लायप्झिश, वायमार, फ्रँकफुर्ट, हाम्बुर्ग, ल्युबेक, ब्रेमेन, ब्रेसलाऊ, बर्लिन. नाताळला घरी. जानेवारीत पुन्हा बाहेर, हॉलंड. पुढच्या हिवाळ्यात व्हिएन्ना, पेस्ट (आजच्या बुडापेस्टचा भाग), प्राग, आणि एप्रिलमध्ये पहिल्यांदा इंग्लंड.

हे सगळं हिवाळ्यातच का? कारण पैसा हिवाळ्यातच होता. उन्हाळ्यात धनिक मंडळी आपापल्या जमिनीजुमल्यावर नाहीतर गरम पाण्याच्या झऱ्यांवर. ऑक्टोबर ते एप्रिल ती शहरात असत, तेव्हाच तिकिटं खपत. त्यामुळे बर्फ पडायला लागलं की हिची ट्रंक बाहेर.

माझं म्हणणं असं आहे की रेल्वे नसती तर हे तिला जमलंच नसतं. दहा वर्षांपूर्वीचा तिचाच एक प्रवास शेजारी ठेवून बघा. जानेवारी १८४४ ला नवराबायको रशियाला निघाले. मोठी मारी दोन वर्षांची, एलिझं वर्षाचीही नाही. दोघींना श्नेबर्गला रॉबर्टच्या भावाकडे ठेवलं. बर्लिनपुढे टपालगाडी, कोनिग्सबर्गनंतर घसरगाडी. टिल्सिट, मिटाऊ, रिगा, डोर्पाट करत पीटर्सबर्ग. हिवाळी राजवाड्यात महाराणीसमोर वाजवलं, मॉस्को पाहिलं. परत यायला मे उजाडला. चार महिने! त्या वयाच्या पोरी आईला ओळखेनाशा होतात तेवढ्यात.

पुन्हा १८६४ मध्ये ती रशियाला गेली तेव्हा प्रशियाच्या सीमेपासून पीटर्सबर्गपर्यंत रूळ पडलेले होते. आता प्रवास आगगाडीने.

ज्यांना या विषयातलं जास्त माहीत आहे त्यांनी भर घालावी. रेल्वेवाले लोक कुठे आहेत?

---

वाफेचं_इंजिन

हजर!

पहिल्यांदा वेळापत्रक समजून घेऊ. जर्मनीतली पहिली गाडी १८३५ ची, न्युर्नबर्ग ते फ्युर्थ, जेमतेम सहा किलोमीटर. लांब पल्ल्याची पहिली लाइन लायप्झिश-ड्रेस्डेन, १८३९ ला पूर्ण. म्हणजे क्लाराच्या लग्नाच्या आदल्या वर्षी, तिच्याच गावातून. बर्लिन-हाम्बुर्ग १८४६, कोलोन-मिंडेन १८४७, ड्रेस्डेन-प्राग १८५१. तिचा संसार आणि जर्मनीतलं रुळांचं जाळं बरोबरीने वाढलंय.

पण नकाशावर रेघ दिसली म्हणजे गाडीत बसलं आणि उतरलं असं नव्हतं. मधेमधे भोकं होती. तुम्ही हॉलंडचा उल्लेख केलात. जानेवारी १८५५ मध्ये ड्युसलडॉर्फकडून ऱ्हाइनच्या कडेने आर्नहेमला जाणारे रूळ जोडलेलेच नव्हते, ते १८५६ चं काम. मधला तुकडा बोटीने नाहीतर घोडागाडीने. एन्डेनिशला जायचं तरी तेच: ड्युसलडॉर्फहून गाडी यायची कोलोनच्या समोरच्या काठावर, डॉइट्झला. तिथे उतरा, नदी ओलांडा, पलीकडे बॉनची गाडी पकडा. रेल्वेचा पूल १८५९ ला झाला. तोवर रॉबर्टला जाऊन तीन वर्षं झाली होती.

आता डबा. आपल्याला डबा म्हटलं की मधून चालत जायची वाट डोळ्यासमोर येते. तसं काही नव्हतं. टपालगाडीच्या पेट्या एकापुढे एक ठेवून खाली चाकं लावावीत असा प्रकार, प्रत्येक खोलीला बाहेरून दार. एकदा दार लागलं की पुढच्या स्टेशनापर्यंत तुम्ही आणि समोर बसलेले अनोळखी लोक. संडास नाही. दिवा म्हणजे छताला भोक, त्यातून वरून सोडलेला तेलाचा कंदील. त्याच्या उजेडात वाचणं कठीणच. थंडीवर उपाय म्हणजे पायाखाली ठेवायचा पत्र्याचा चपटा डबा, आत उकळतं पाणी. मोठ्या स्टेशनवर हमाल दार उघडून गार झालेला डबा ओढून काढी आणि गरम सरकवी, आणि तेवढ्यात दारातून जी हवा आत येई तिने मिळवलेली ऊब निम्मी जाई. ही चैनही आधी वरच्या वर्गाला. खालच्यांनी घोंगडीत पाय घ्यावेत. बाकाखाली कोळशाच्या विटा जाळून ऊब देणं, मग इंजिनाची वाफ नळीने डब्यांत फिरवणं, हे सगळं १८७० नंतरचं.

पियानो वाजवणाऱ्या बाईने हे दहा तास सोसायचं आणि संध्याकाळी गारठलेल्या बोटांनी बेथोवेन वाजवायचा. विचार करा.

आणखी एक. जर्मनीत एक घड्याळ १८९३ ला आलं. तोवर प्रत्येक शहराची वेळ वेगळी. आपल्याकडे रेल्वे मद्रास टाइमने धावायची आणि मुंबईकर आपला मुंबई टाइम सोडायला तयार नव्हते, तशातलाच घोळ.

---

राईनकाठची

छान धागा. बॉन-कोलोन हा माझा रोजचा रस्ता. हेडफोन लावून अर्ध्या तासात उतरते. नदी ओलांडायला खाली उतरायला लागायचं हे आज पहिल्यांदा कळलं.

पण एक कळत नाही. सात पोरं कुणाकडे होती? ब्राम्सकडे असं कुठेतरी वाचलं होतं, ते खरं का? तो तर स्वतःच पोरगेला होता.

---

सांजवात

अर्धं खरं. ब्राम्स तेव्हा एकवीस वर्षांचा. रॉबर्टच्या बातमीनंतर तो ड्युसलडॉर्फला धावत आला आणि राहिलाच. घरखर्चाची वही तो लिही, किती आले किती गेले. पोरांना जिन्याच्या कठड्यावर कसरती करून दाखवी. मोठा आधार होता. पण घर चालवायला बेर्टा नावाची घरकामवाली होती, आणि हळूहळू मुलं पांगलीच. मारी आणि एलिझं लायप्झिशला शाळेच्या वसतिगृहात. ज्युली बर्लिनला आजोळी. लुडविग आणि फर्डिनांड बॉनला शिकायला. धाकटी दोघं घरी.

म्हणजे तिला एका हिवाळ्यात ज्या गावी कार्यक्रम त्या गावी एखादं मूल भेटायचं. लायप्झिशला वाजवायला गेली की मोठ्या दोघी, बर्लिनला गेली की ज्युली. मला हे फार अंगावर येतं. दौऱ्याचा नकाशा आणि लेकरांचा नकाशा एकमेकांवर पडलेला.

---

चिकित्सक

लेख चांगला, पण जरा गोडगोड होतोय.

मुलांचं पुढे काय झालं तेही सांगा. लुडविग १८७० पासून वेड्यांच्या इस्पितळात, तिथेच संपला. फर्डिनांड फ्रान्सच्या युद्धातून आजारी होऊन आला, मॉर्फिनची सवय लागली, आईच्या आधीच गेला. ज्युली १८७२ ला, फेलिक्स १८७९ ला, दोघंही क्षयाने. फेलिक्सने तर बापाला कधी पाहिलंच नाही. तिला मदत करायला लोक पुढे आले होते. तिच्यासाठी मदतीची मैफल भरवू म्हणत होते. तिने नाही म्हटलं. मग 'पोरांसाठी हिंडली' हे कितपत खरं मानायचं? घरी बसून शिकवण्या करता आल्या नसत्या का?

---

षड्ज

क्षय आणि मनोरुग्णता आईच्या गैरहजेरीने होत नाहीत हो. बाप आत गेला तेव्हा लुडविग सहा वर्षांचा होता, ते तुम्ही धरलंच नाहीत.

आणि शिकवण्यांचं गणित बसत नाही. सात मुलं, त्यांच्या शाळा, वसतिगृहं, वर इस्पितळाचा खर्च. एका गावात बसून शिकवणीत किती मिळणार? एका चांगल्या हंगामात ती त्याच्या कितीतरी पट आणत होती. लग्नानंतरही नवऱ्यापेक्षा जास्त कमावणारी तीच होती, आणि रॉबर्टला ते बोचत असे. १८४२ मध्ये दोघं हाम्बुर्ग-ब्रेमेनला गेले, तिथून तो लायप्झिशला परतला आणि ती एकटी कोपनहेगनला गेली. तेव्हा मारी सहा-सात महिन्यांची. म्हणजे १८५४ च्या आधीपासून हे चालूच होतं.

तिची व्यवस्था कोण पाहत असे हेही सांगायला हवं. आजच्यासारखी व्यवस्थापक कंपनी नाही. गावात ओळखीच्याला पत्र टाकायचं, हॉल ठरवायचा, पियानो मिळवायचा, पोलिसांची परवानगी, वर्तमानपत्रात जाहिरात, तिकिटं, दिवाबत्ती, हॉल तापवायचा खर्च. सोबतीला गवई किंवा वादक हवा, त्याला विचारायचं. योआखिम असला की काम सोपं, तो व्हायोलिनचा बादशहा आणि घरचाच. यातला बराचसा पत्रव्यवहार ती स्वतः करी.

पडलेल्या कार्यक्रमाचा किस्सा सांगतो. १८४६ च्या नोव्हेंबरात नवराबायको मारी-एलिझंला घेऊन व्हिएन्नाला गेले. १ जानेवारी १८४७ ला मोठा कार्यक्रम, रॉबर्टची सिंफनी आणि पियानो कॉन्चेर्तो. हॉल रिकामा, टाळ्या थंड, पदरचे पैसे गेले. शेवटच्या कार्यक्रमात स्वीडनची प्रसिद्ध गायिका जेनी लिंड गायला उभी राहिली. तिचं नाव फलकावर आल्याबरोबर तिकिटं संपली आणि दौऱ्याचा तोटा भरून निघाला. क्लाराला याचा आनंद झाला नाही, अपमानच वाटला. लोक तिच्यासाठी आलेच नव्हते ना.

---

वाफेचं_इंजिन

त्या व्हिएन्ना प्रवासात ड्रेस्डेन ते प्राग घोडागाडी आणि प्रागपुढे ओलोमूत्स मार्गे रेल्वे. प्राग-ओलोमूत्स नुकतीच १८४५ ला सुरू झालेली. दोन लहान मुली घेऊन नोव्हेंबरात, अर्धा रस्ता खडखडत आणि अर्धा धुरात.

---

राईनकाठची

@चिकित्सक, तुमचा प्रश्न मला अगदीच वावगा वाटत नाही, फक्त तो बापांना कुणी विचारत नाही एवढंच. व्हायोलिनवाला पागानिनी आणि पियानोवाला लिस्ट वर्षानुवर्षं दौऱ्यावर होते, दोघांनाही मुलं होती. लिस्टची तीन मुलं आजीने वाढवली. त्यावर कुणी धागा काढून 'घरी शिकवण्या का नाही केल्या' विचारत नाही.

मी इथे नोकरीच्या निमित्ताने आठवड्यातले काही दिवस दुसऱ्या शहरात असते. मुलगी लहान असताना पाळणाघराच्या दारात एका बाईंनी मला तोंडावर विचारलं होतं, 'मग आई कोण, तुम्ही की तिचे बाबा?' म्हटलं आम्ही दोघं. तर हसल्या.

---

चिकित्सक

लिस्टचा मुद्दा मान्य. पण माझा आक्षेप लेखातल्या 'पोरांसाठी' वर होता. तिला वाजवायचंच होतं असं सरळ म्हणा ना. त्यात काय वाईट?

---

सांजवात

म्हणतेच. खरं तर मूळ लेखात मी 'पोरांसाठी' लिहिलेलंच नाही, पण असो.

तिला वाजवायचं होतं हे तिच्या डायरीतच आहे. लग्नानंतरची पहिली वर्षं दोघांनी मिळून डायरी लिहिली. रॉबर्ट लिहायला बसला की घरात शांतता हवी, भिंती पातळ, म्हणजे हिचा रियाज बंद. ती तक्रार तिने लिहून ठेवली आहे. मैफलीचा दौरा म्हणजे काही आठवडे हवा तेवढा पियानो. पैशाची गरज खरी आणि ही ओढही खरी. एन्डेनिशच्या डॉक्टरांनी तिला नवऱ्याला भेटू दिलं नाही, अडीच वर्षांच्या जवळपास. जुलै १८५६ मध्ये इंग्लंडहून परत आल्यावर, तो जायच्या दोन दिवस आधी तिला आत सोडलं. त्या अडीच वर्षांत घरी बसून तिने करायचं काय होतं? त्यानंतर ती कायम काळ्या वेषात वाजवत राहिली.

आणि आकडा बघा. तिने स्वतः जपलेल्या कार्यक्रमपत्रिका सुमारे १३०० आहेत, आज त्या रॉबर्टच्या जन्मगावी, झ्विकाऊला ठेवलेल्या आहेत. पहिली १८३१ ची. नुसती गरज म्हणून कुणी एवढं वाजवत नाही.

१८७८ मध्ये फ्रँकफुर्टच्या होख संगीतविद्यालयाने तिला बोलावलं तेव्हाच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. शिकवेन ते माझ्या घरी, दिवसाला दीड तासाच्या वर नाही, वर्षाला चार महिने सुट्टी, आणि हिवाळ्यात छोट्या दौऱ्यांची मोकळीक. शिवाय दोन मदतनीस, त्या म्हणजे तिच्याच मुली, मारी आणि ऑयगेनी. वय तेव्हा ५९. शाळेने सगळं मान्य केलं. हिवाळा तिने सोडला नाही.

---

जुनाजाणता

वाचतोय. थोडं अवांतर, चालत असेल तर.

१८५३ च्या एप्रिलात बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. त्याच वर्षी शरद ऋतूत ब्राम्स पहिल्यांदा शुमानांच्या दारात उभा राहिला. तारखा शेजारी ठेवल्या की गंमत वाटते.

आपल्याकडची आई हवी असेल तर पंडिता रमाबाई. १८८३ ला लहानगी मनोरमा घेऊन इंग्लंडला गेल्या, १८८६ ला आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला अमेरिकेत पोचल्या आणि मग तिथे रेल्वेने हिंडत व्याख्यानं दिली. मनोरमाला मात्र मधेच इंग्लंडला परत पाठवावं लागलं. तिथेही हाच पेच. फक्त वाजवण्याऐवजी बोलणं.

---

सांजवात

रमाबाईंवर वेगळा धागा हवा. तुम्हीच काढा ना, वाट बघते.

---

षड्ज

गाड्यांचा विषय निघालाच आहे तर ब्राम्सचा शेवटचा किस्सा राहायला नको. क्लारा २० मे १८९६ ला फ्रँकफुर्टला गेली. ब्राम्स तेव्हा ऑस्ट्रियात इश्लला. तार मिळताच निघाला, पण वाटेत गाडी चुकली, बदलीच्या जागी घोटाळा झाला, आणि फ्रँकफुर्टला पोचेपर्यंत तिथले विधी उरकून शवपेटी बॉनकडे रवाना झालेली. म्हातारा पुन्हा गाडीत. बॉनला दफनाच्या वेळेला कसाबसा पोचला. सगळा मिळून जवळजवळ चाळीस तासांचा प्रवास. तो स्वतः आजारी होता, पुढच्या वर्षी गेला.

क्लारा आयुष्यभर वेळेवर पोचली आणि हा बिचारा नेमका त्या दिवशी चुकला.

---

वाफेचं_इंजिन

बदलीच्या जागी चुकणं तेव्हाच्या वेळापत्रकात अगदी सोपं होतं. जर्मन स्टेशनांत तर घंटा होईपर्यंत प्रवाशांना वर्गवारीप्रमाणे वेगवेगळ्या प्रतीक्षागृहांत बसवत. पेंग लागली, घंटा ऐकली नाही, की गेली गाडी.

---

राईनकाठची

बघायला कुणाला यायचं असेल तर सांगते. बॉनमध्ये एन्डेनिशचं ते इस्पितळ अजून आहे, आता शुमानहाउस म्हणतात. रॉबर्टच्या खोल्यांत छोटं संग्रहालय, बाकी जागेत संगीताचं ग्रंथालय. मुख्य स्टेशनाहून बसने जाता येतं. दोघांची थडगी मात्र तिथे नाहीत, ती स्टेशनाजवळच्या जुन्या दफनभूमीत, आल्टर फ्रीडहोफ. लायप्झिशला इन्झेलश्ट्रासवर लग्नानंतरचं त्यांचं पहिलं घर आहे, तेही बघता येतं. वेळा आधी तपासून जा, सोमवारी बरंच काही बंद असतं.

---

चिकित्सक

सोमवारी बंद, हे मात्र पुण्यासारखं नाही, इथे दुपारी एक ते चार बंद असतं :)

इन्झेलश्ट्रासच्या घराला स्टेशनवरून चालत जाता येतं का? मार्चमध्ये लायप्झिशला जाणं आहे.

---

राईनकाठची

येतं. आरामात. मार्चमध्येही टोपी-हातमोजे घेऊन जा, आणि गाडीची चिंता करू नका, हल्ली डबे तापवतात.